सकाळी पहिला आणि रिव्हर्स गियर अडतो, गाडी तापली की ठीक. गियरबॉक्स खाली काढायचा का?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅक आहे, १.२ लिटर, २०१५ ची, पाच गियर, ७८ हजार किलोमीटर. क्लच हायड्रॉलिक आहे, केबलचा नाही. गाडी रात्री इमारतीखाली स्टिल्टमध्ये असते.

थंडी पडल्यापासून (आमची थंडी म्हणजे पहाटे सोळा-सतरा अंश, उत्तरेकडच्यांनी हसू नये) सकाळी पहिला गियर टाकताना दांडा अडतो, जोर लावला की खट्‌कन बसतो. रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज. पहिल्यावरून दुसऱ्यावर नेताना दांडा रबरात रुतल्यासारखा वाटतो. वाघबीळहून निघून मानपाड्यापर्यंत बरंच सुधारतं, माजिवड्याला पोचेपर्यंत काही झालंच नव्हतं असं वाटतं. क्लच पेडल जड नाही, उलट थोडं पोकळ लागतं.

एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, क्लच प्लेट संपली, गियरबॉक्स उतरवून पूर्ण सेट टाका. दुसरा म्हणतो ऑइल पातळ झालंय, ८५डब्ल्यू-१४० असं जाड ऑइल टाकून देतो. गियर ऑइल आजवर बदललेलं नाही. मॅन्युअलमध्ये ७५डब्ल्यू-८० (घट्टपणाचा आकडा), जीएल-४ (ऑइलची प्रत) लिहिलंय. दोघांपैकी कोणाचं ऐकू?

दहाचा_पाना

सध्या कोणाचंच नाही. आधी दोष क्लचकडे आहे की गियरबॉक्सकडे, एवढं वेगळं करा. पाना न लावता दहा मिनिटांत कळतं.

सकाळी गाडी थंड असताना, इंजिन बंद ठेवून, क्लच पूर्ण दाबून पाचही गियर टाकून पाहा. इंजिन बंद असताना गियर लोण्यासारखे बसत असतील आणि चालू केल्यावरच अडत असतील तर गियरबॉक्स बिचारा निर्दोष आहे, क्लच कट होत नाहीये, म्हणजे इंजिनापासून पूर्ण सुटत नाहीये. बंद असतानाही दांडा तितकाच जड असेल तर ऑइल, लिंकेज किंवा सिलेक्टर केबल. एखादा गियर अजिबात बसला नाही तर घाबरू नका, दातासमोर दात आला असेल. क्लच सोडून पुन्हा दाबा किंवा गाडी वीतभर ढकला.

मग इंजिन सुरू करा आणि आरपीएम खाली बसू द्या. थंड इंजिन सुरुवातीला १२०० ते १५०० वर फिरतं, त्या वेळी केलेल्या तपासणीला अर्थ नाही. आठशेच्या आसपास आलं की न्यूट्रलमध्ये क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाचपर्यंत मोजा आणि रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गियर बसण्याआधी वेग जुळवणारी रिंग) नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. क्लच नीट सुटला असेल तर पाच सेकंदांत इनपुट शाफ्ट (क्लचकडून गियरबॉक्समध्ये जाणारा दांडा) थांबतो आणि गियर गुपचूप बसतो. तरीही खर्रर्र झालं तर प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाच्या फिरत्या चकतीला) कुठेतरी घासते आहे आणि शाफ्ट फिरवत ठेवते आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. थंड, घट्ट ऑइल शाफ्टला ब्रेक लावतं, लवकर थांबवतं. म्हणजे सकाळच्या रिव्हर्सच्या खर्ररीचा आळ ऑइलवर येऊच शकत नाही. दुसऱ्या गियरचं रुतणं ऑइलमुळे असू शकतं. तुमच्याकडे बहुधा दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्ही गॅरेजवाले एकच औषध शोधतायत.

अजून दोन तपासण्या. पेडल भराभर तीन-चार वेळा मारून लगेच गियर टाका. सुधारलं तर हायड्रॉलिकमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडलपाशी ऑइलला दाब देणाऱ्या पंपाचं) रबर दाब धरत नाही. दुसरी तपासणी मोकळ्या सपाट जागेत, समोर माणूस किंवा भिंत नसताना: पहिला गियर, क्लच पूर्ण दाबलेला, उजवा पाय ब्रेकजवळ, आणि चाळीस सेकंद तसंच थांबा. पेडल न हलवता गाडी हळूच पुढे सरकू लागली तर मास्टरमधून दाब आतल्या आत निसटतोय.

राहिलं प्लेट संपल्याचं. झिजलेली प्लेट घसरते, अडत नाही. येऊरच्या चढावर तिसऱ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढला आणि वेग तिथंच राहिला तर प्लेट संपली म्हणायचं. गियर अडतो म्हणून प्लेट बदला, हे निदान मला पटत नाही.

कळवा_नाका

सगळ्यात आधी पेडलखालची मॅट काढून बघा. कंपनीच्या मॅटवर ते जाड ट्रेसारखं मॅट टाकलं की पेडल तळाला पोचायच्या आधीच टेकतं. पेडल पूर्ण दाबलं गेलं नाही तर क्लचही पूर्ण कट होत नाही. ही दुरुस्ती फुकट आहे.

पारसिक_हिल

ऑइलबद्दल मी लिहितो, कारण ८५डब्ल्यू-१४० वाचून राहवलं नाही.

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला घट्टपणा सांगतो. गियर ऑइलच्या एसएई (वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या) मानकात घट्टपणाची एक कमाल मर्यादा आहे. ती ७५डब्ल्यूने उणे ४० अंशांपर्यंत पाळायची, ८०डब्ल्यूने उणे २६, तर ८५डब्ल्यूने उणे १२. ठाण्यात उणे काही होत नाही हे खरं, पण सोळा अंशांनाही फरक हाताला कळतो. साधारण ८०डब्ल्यू-९० ऑइल १०० अंशांना १४-१५ सेंटीस्टोक (घट्टपणाचं माप) असतं आणि ४० अंशांना तेच १४० च्या आसपास जातं, म्हणजे जवळपास दहापट. सोळा अंशांना त्याच्याही कितीतरी वर. ७५डब्ल्यू-८० वर डिझाइन केलेल्या गियरबॉक्समध्ये ८५डब्ल्यू-१४० घालणं म्हणजे ताकाच्या जागी काकवी ओतणं.

दुसऱ्या गियरलाच का रुततं, तेही सांगतो. सिंक्रो रिंग ही पितळी कोन असलेली छोटी ब्रेकच असते. गियरच्या कोनावर ती घासते, दोघांचा वेग सारखा करते, मगच स्लीव्ह (गियर जोडणारी सरकती कडी) पुढे सरकू देते. रिंगच्या आत बारीक चऱ्या असतात, त्या मधलं ऑइल बाजूला सारायला. ऑइल घट्ट असेल तर ते पटकन सरत नाही, रिंग तरंगत राहते, वेग जुळत नाही आणि दांडा अडतो. पहिल्या-दुसऱ्यातला वेगाचा फरक सगळ्यात मोठा, म्हणून बोंब आधी तिथे. तोपर्यंत दुसऱ्याच्या तोंडाशी दांडा हलक्या हाताने टेकवून अर्धा सेकंद थांबा, आपोआप आत ओढला जाईल. हिसका दिलात तर रिंगच्या चऱ्या झिजतील आणि मग तो आवाज उन्हाळ्यातही येईल.

आणि जीएल-४ म्हणजे जीएल-४च. दुकानदार ‘जीएल-५ त्याच्या वरचं आहे’ म्हणून गळ्यात मारतात. जीएल-५ मागच्या चाकांच्या डिफरन्शियलसाठी, तिथल्या घासत फिरणाऱ्या हायपॉइड दातांसाठी. त्यात गंधक-फॉस्फरसचं मिश्रण साधारण दुप्पट. ते पितळेला खातं आणि रिंगला हवं असलेलं घर्षणही कमी करतं.

दहाचा_पाना

पारसिकसाहेब, एक दुरुस्ती. प्रत्येक जीएल-५ पितळ खातं असं नाही. गंधक किती सक्रिय आहे त्यावर ते ठरतं, आणि काही डब्यांवर जीएल-४ व जीएल-५ दोन्ही छापलेलं असतं, त्यांत पितळेचा विचार केलेला असतो. घर्षणाचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य.

पारसिक_हिल

मान्य. पण दुकानात उभा असलेला माणूस गंधक सक्रिय आहे की नाही हे कुठे तपासणार? मॅन्युअलमध्ये जीएल-४ असेल तर जीएल-४ घ्यावं आणि विषय संपवावा.

घोडबंदरकर

सगळ्यांचे आभार. आज सकाळी साडेसहाला तपासलं.

मॅट: होती, दोन थरांची. वरची काढली, किंचित फरक. इंजिन बंद: पहिला, तिसरा, चौथा, पाचवा सहज. दुसरा जरा जड, पण बसतो. इंजिन चालू, आरपीएम ८०० ला आल्यावर, पाच सेकंद थांबून रिव्हर्स: खर्रर्र. पेडल तीन वेळा मारून रिव्हर्स: बिनआवाज! चाळीस सेकंदांची तपासणी: तिसाव्या सेकंदाच्या सुमारास गाडी हलकेच पुढे सरकली. येऊरच्या चढावर क्लच अजिबात घसरला नाही.

बॉनेट उघडून पाहिलं तर क्लचची वेगळी टाकीच नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या बाजूने एक रबरी पाईप निघून आत जातो. पातळी मिनिममच्या रेषेवर, रंग काळपट चहासारखा.

दहाचा_पाना

झालं निदान. क्लच सेटचे पैसे खिशात ठेवा.

तो बाजूचा रबरी पाईप हाच तुमचा क्लचचा पुरवठा. टाकीत तो मुद्दाम वरच्या अंगाला बसवतात, म्हणजे ऑइल कमी झालं तर आधी क्लच हवा ओढेल आणि ब्रेकसाठी खाली साठा उरेल. पातळी मिनिममला आली याची कारणं दोन: ब्रेक पॅड झिजले (झिजतात तसं ऑइल कॅलिपरमध्ये उतरत जातं, ती गळती नव्हे) किंवा खरोखरची गळती. म्हणून नुसतं टॉप-अप करू नका. पुढचे पॅड किती उरलेत ते पाहा आणि गळती शोधा.

गळती शोधायच्या जागा दोनच. ड्रायव्हरच्या पायाशी वाकून, मोबाइलचा टॉर्च लावून, क्लच पेडलची दांडी जिथे फायरवॉलमध्ये घुसते तिथे रबरी बुटाच्या कडेवर बोट फिरवा. बोट ओलं झालं की मास्टर सिलिंडर. दुसरी जागा गाडीखाली, इंजिन आणि गियरबॉक्स जुळतात तिथला सगळ्यात खालचा भाग. तिथे ओल असेल तर स्लेव्ह सिलिंडर (मास्टरच्या दाबाने क्लच सोडवणारा). तुमच्या गाडीत स्लेव्ह बाहेर असेल तर सुटलात. तो रिलीज बेअरिंगसकट आत, शाफ्टभोवती बसणारा असेल तर गियरबॉक्स उतरवावाच लागेल, आणि मग त्याच मजुरीत क्लच सेट टाकणं शहाणपणाचं. हिरवट-तपकिरी, उग्र वासाचं जाड ऑइल असेल तर ते गियर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टची सील. पाण्यासारखं पातळ असेल तर ब्रेक ऑइल.

सकाळीच का त्रास? जुन्या रबरी सीलची कड थंडीत कडक होते, आक्रसते, सिलिंडरच्या भिंतीला धरत नाही. बॉनेटखाली ऊब आली की मऊ पडून धरते. तिसाव्या सेकंदाला गाडी सरकली, म्हणजे माझं बोट मास्टरकडे.

वाशी_डेपो

वर ब्रेक ऑइलचा विषय आलाच आहे म्हणून. खाडीकाठची हवा दमट, आणि ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट-४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) कोरडं असताना निदान २३० अंशांना उकळतं, पाणी प्यायल्यावर ती हमी १५५ वर येते. डॉट-३ चे आकडे २०५ आणि १४०. पाण्याने मास्टर सिलिंडर आतून गंजतो आणि गंजाचे खडे सीलची कड कापतात. दर दोन वर्षांनी बदला. बाटली सीलबंदच घ्या, गॅरेजमधली अर्धी उघडी बाटली नको. डॉट-५.१ चालतं. डॉट-५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकून गेलं तर ब्रेकसकट सगळी रबरं फुगून बाद होतात.

दहाचा_पाना

नवीन मास्टर बसवल्यावर हवा काढताना कोणी घाई केली की पुन्हा हाच धागा वर येईल, म्हणून पद्धत लिहून ठेवतो. दोन माणसं लागतात.

टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढून घ्या, नवीन डॉट-४ मॅक्सिममपर्यंत भरा. अर्धा लिटरची एक बाटली पुरते, क्लचपुरतं २५०-३०० मिलिलिटर जातं. गियरबॉक्सवर स्लेव्हच्या पाइपजवळ ब्लीड निपल असतं, धुळीची टोपी काढून त्यावर पारदर्शक नळी चढवा. नळीचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवून ठेवा. एकाने पेडल सावकाश तळाला नेऊन धरून ठेवायचं. दुसऱ्याने निपल पाव वळसा उघडायचं, बुडबुडे गेले की बंद करायचं. बंद केल्यावरच पेडल वर, आणि तेही हाताने ओढून, कारण लाइनमध्ये हवा असेपर्यंत ते स्वतःहून वर येत नाही. दहा-पंधरा वेळा, नळीत सलग स्वच्छ ऑइल दिसेपर्यंत. दर चार-पाच वेळांनंतर टाकीत डोकावा. पातळी त्या बाजूच्या पाइपाच्या तोंडाखाली गेली की सगळी मेहनत पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून.

काही गाड्यांत निपलऐवजी तारेची क्लिप असते. ती उचलून पाईप एका खाचेपुरताच बाहेर ओढायचा, पूर्ण उपटायचा नाही. आणि पेडल धपाधप मारू नका, हवेचा फेस होतो आणि मग तो निघता निघत नाही.

कळवा_नाका

केबलवाल्यांसाठी थोडक्यात, कारण हा धागा तेही वाचतील. तुमच्याकडे थंडीत पेडलच जड होतं. केबलच्या आतला पदार्थ सुकतो किंवा पावसाळ्यात पाणी शिरून तारेला गंज धरतो. गियरबॉक्सकडचं टोक सोडवा आणि तार हाताने पुढेमागे ओढून पाहा, करकर लागली की केबल बदला. ऑइल सोडून दोन महिने ढकलता येतात, जास्त नाही. फ्री प्ले मॅन्युअलप्रमाणे, बऱ्याच गाड्यांत तो पेडलपाशी १५ ते २५ मिलिमीटरच्या आसपास. जास्त असेल तर क्लच कट होणार नाही, शून्य असेल तर बेअरिंग कायम दाबलेलं राहून जळेल.

केबल मोकळी असूनही पेडल जड असेल तर फोर्कचा पिव्हट, बेअरिंगची सुकलेली नळी किंवा थकलेली प्रेशर प्लेट. त्यांच्यासाठी मात्र गियरबॉक्स उतरवावाच लागतो.

पारसिक_हिल

घोडबंदरकर, क्लच झाला की गियर ऑइलही उरकून घ्या. ७८ हजार आणि मूळचंच ऑइल, म्हणजे हक्कच आहे त्याचा.

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून रॅम्पवर किंवा पिटवर सपाट घ्या. आधी भरायचा बोल्ट सैल करून बघा, मगच खालचा ड्रेन बोल्ट. उलट केलंत आणि वरचा अडकला तर गाडी ऑइलविना रॅम्पवरच राहील. पंधरा मिनिटं निथळू द्या. ड्रेन बोल्टच्या लोहचुंबकाला काजळासारखा करडा लगदा चिकटलेला असतो, तो ठीक, पुसून टाका. नखाला टोचतील असे पोलादी तुकडे म्हणजे दात किंवा बेअरिंग. निथळलेलं ऑइल उन्हात धरा: सोनेरी चमक असेल तर सिंक्रोचं पितळ झिजतंय, दुधाळ कॉफीचा रंग असेल तर पाणी शिरलंय. गेल्या पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे जरूर बघा. गियरबॉक्स गरम असताना पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरमधून (हवा खेळायच्या भोकातून) पाणी आत ओढलं जातं.

वॉशर नवा. अशा गियरबॉक्सना साधारण दोन ते अडीच लिटर लागतं, नेमका आकडा मॅन्युअलचा. तीन लिटर आणून ठेवा. नळी आणि नरसाळं किंवा हातपंप लावून भोकाच्या खालच्या कडेतून ऑइल ओघळेपर्यंत भरा, ओघळ थांबला की बोल्ट बंद. पातळीचं भोक नसलेला गियरबॉक्स असेल तर मापून भरा, अंदाजाने नाही.

गाडी वर आहेच तर दांड्याच्या केबलींची गियरबॉक्सकडची प्लास्टिकची टोकं आणि बुश हलवून बघा, आणि खालचं इंजिन माउंटही. ते फाटलं की इंजिन झुलतं आणि गियर अडण्याची नवीच तक्रार सुरू होते.

सानपाडा_सेक्टर_पाच

अवांतर: याच गाडीने जानेवारीत मनालीला जायचं असेल तर ७५डब्ल्यूचा खरा उपयोग तिथे. इथे ८०डब्ल्यू-९० वाला माणूसही रडतखडत हिवाळा काढतो.

दुसरं अवांतर: पावसाळ्यात गाडी तीन-चार आठवडे उभी राहिली आणि क्लच दाबूनही अजिबात सुटत नसेल तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे. क्लच सेट लगेच मागवू नका. इंजिन नीट गरम करून बंद करा. मोकळ्या मैदानात, समोर भरपूर जागा ठेवून, दुसऱ्या गियरमध्ये क्लच दाबून स्टार्टर मारा. गाडी चालू लागेल. क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर दाबा-सोडा, दाबा-सोडा. टक्‌ आवाज होऊन सुटते. रस्त्यावर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा प्रयोग करू नये.

घोडबंदरकर

पेडलच्या दांडीचा रबरी बूट ओला निघाला, बोटाला पातळ तेलकट ओल. गाडीखाली बेल हाउसिंग (इंजिन-गियरबॉक्स जुळतात तिथलं कवच) कोरडं, पुढचे पॅड अर्धे शिल्लक. मास्टर सिलिंडर बदलला, वर लिहिल्याप्रमाणे हवा काढली, सोळा वेळा लागलं. आज पहाटे रिव्हर्स पाच सेकंदांनी आवाज न करता बसला, चाळीस सेकंदांत गाडी जागची हलली नाही. दुसरा गियर अजून पहिली दोन-तीन मिनिटं जड आहे. ऑइल रविवारी.

एकच राहिलं: पेडलखालच्या कार्पेटवर आणि पेडलच्या दांडीच्या रंगावर जुनं ब्रेक ऑइल उतरलंय. कापडाने पुसलं, चालेल ना?

वाशी_डेपो

नाही चालणार. ते रंग सोलतं. साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा, ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. कार्पेट उचलून खालचा फोम पिळून बघा, ओलं असेल तर तोही धुवून उन्हात वाळवा, नाहीतर खालचा पत्रा गंजेल. आणि ती वरची मॅट परत टाकू नका.